अजून एकच फेरी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पडदे शिवायचं दुकान आहे माझं. खिडकीचं माप स्वतःच चुकीचं सांगून वर माझ्यावर आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी पायरीखाली उतरवलेलं लोकांनी पाहिलंय. पण भावाच्या केसमध्ये जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. केस संपली म्हणून शांत हो, असं मला कुणी सांगू नये.

माझा धाकटा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. कामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणायचे, कारण लिफ्टच्या छतावर उभं राहून करायचं काम कायम त्याच्या वाट्याला. अंगाने काटकुळा, कुठेही शिरायचा. "सगळं वरच्याच्या हातात आहे रे बाबा!" म्हणून सोबतचे खिदळायचे, आणि हाही हसायचा. लहानपणापासून तसाच. पाहुण्यांनी आणलेला शर्ट आखूड झाला तरी त्यांच्यासमोर घालून दाखवणार आणि "बसतोय की!" म्हणणार. मला तेव्हाही राग यायचा.

त्या दिवशी तो एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या छतावर काम करत होता. खाली 'काम चालू आहे' अशी पाटी लावलेली. कंपनीच्या सुपरवायझरने पाटी काढली आणि मेन स्विच चालू केला. का? तर ऑफिसवाले कुरकुर करत होते, जिने चढून दम लागतो म्हणून! वर माणूस आहे का, एवढी एक हाक मारायची होती मेल्याने. तेवढीही मारली नाही. लिफ्ट वर गेली आणि माझा भाऊ लिफ्टचं छत आणि वरची तुळई यांच्यात चेपला. दुपारभर तसाच होता. काळोखात, आणि पूर्ण शुद्धीवर. खांदा मोडला, बरगड्या मोडल्या.

हाडं जुळली. हाडांचा खर्च कंपनीने दिला, नाही म्हणत नाही. पण घरी परत आला तो भलताच कुणीतरी. आंघोळीला गेला की न्हाणीघराचं दार उघडं, आणि भावजय बाहेर पाठ करून उभी. फ्रीजची मोटर घुरघुरली की जेवता जेवता ताटावरून उठायचा. एकदा बनियन काढताना ते डोक्यात अडकलं, तर असा किंचाळला की शेजारचे धावत आले. मनाच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं, की ही अपघाताचीच इजा आहे, उपचार लांबतील, याला परत लिफ्टच्या कामावर पाठवू नका. कंपनी म्हणाली, एक्स-रे स्वच्छ आहे, कामावर या, नाहीतर नोकरी सोडा. एक्स-रेमध्ये भीती दिसते का रे मुडद्यांनो? म्हणून आम्ही दावा लावला. मागणं एवढंच, की मनाला झालेली इजाही इजाच धरा, उपचार करा आणि त्याला जमिनीवरचं काम द्या.

आता उस्तादाचं सांगते. उस्ताद म्हणजे भावाला ज्याने काम शिकवलं तो म्हातारा मेकॅनिक. भावाचा त्याच्यावर फार जीव, आणि त्याचा भावावर. तर या लिफ्टवाल्यांची एक रीत आहे. ज्या लिफ्टने माणूस जखमी झाला, त्याच लिफ्टमध्ये त्याला बरा झाल्याबरोबर बसवायचं आणि वर-खाली फिरवून आणायचं. भीती मुरायच्या आत काढायची म्हणे. उस्तादाचीही तरुणपणी अशीच काढली होती. मग काय, एका सकाळी इस्त्रीचे कपडे घालून सगळे घरी आले आणि नवरदेवाला न्यावं तसं भावाला घेऊन गेले. मी दुकानात होते. घरी असते तर एकेकाला झाडूने बडवून काढलं असतं.

तो परत आला तो आमच्या इमारतीच्या खालच्या पायरीवरच बसला. भावजयीने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून वर आणला. शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला. तिकडे उस्तादाने त्या फेऱ्यांचा व्हिडिओ कामाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा! 'वाघ परत आला.' त्या ग्रुपमध्ये तो सुपरवायझरही होता. एवढी अक्कल कुणाला असेल तर शपथ. तिथून व्हिडिओ सरळ कंपनीच्या वकिलाकडे गेला.

सुनावणीला कंपनीने साक्षीदार म्हणून कुणाला आणावं? उस्तादाला! आणि हा शहाणा छाती फुगवून सांगतो, "पोरगा वाघ आहे साहेब. कशाला घाबरतो तो! मी स्वतः फिरवून आणलाय." त्याला वाटलं, पोराची इज्जत वाचवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ मान खाली घालून बसलेला.

मग कंपनीच्या वकिलाने भिंतीवर व्हिडिओ लावला. लिफ्टमध्ये भाऊ मधोमध, भोवती सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हा हसतोय. तोंडभर हसतोय.

"बघा," वकील गोड आवाजात म्हणाला, "लिफ्टची दहशत बसलेला माणूस असा हसतो?"

आमच्या वकीलबाई नुसतेच कागद चाळत राहिल्या. मी उठले.

"आवाज लावा."

"बाई, तुम्ही खाली बसा," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

"बसते. पण आधी आवाज लावा. मुका सिनेमा कशाला दाखवताय?"

तो व्हिडिओ मी भावजयीच्या फोनवर एकदाच, तोही अर्धाच ऐकला होता. पुढे मला ऐकवेना. वकील म्हणाला, आवाज नीट नाही. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "जसा असेल तसा लावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातून उस्तादाचा आवाज आला, "हस की लेका! सगळे बघतायत!" तेव्हा भाऊ हसला. आणि हसता हसताच, दात तसेच ठेवून, बारीक आवाजात म्हणाला, "उस्ताद, दार उघडा ना."

"अजून एकच फेरी!" उस्ताद ओरडला, आणि परत टाळ्या.

अधिकाऱ्यांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला आणि भावाला विचारलं, "इतकी भीती वाटत होती, तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

भावाने मान वर केली. "सांगितलं ना साहेब," तो म्हणाला. "दार उघडा म्हटलं. आमच्यात याच्यापेक्षा जास्त कुणी सांगत नाही."

दावा मंजूर झाला. मनाची इजा इजा म्हणून लिहिली गेली, उपचारांचा खर्च कंपनीच्या माथी बसला आणि भावाला गोदामात काम मिळालं. वकीलबाई माझे हात हातात घेऊन हसत होत्या. मी मात्र उस्तादाला शोधत बाहेर आले. त्या म्हाताऱ्यासाठी मी आठवडाभर शिव्या साठवून ठेवल्या होत्या.

तो बाहेर बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. मला बघून त्याने सरकून जागा केली.

"मला ऐकूच आलं नाही गं पोरी," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो. इतक्या गोंगाटात मला ऐकूच आलं नाही."

शिव्या साठवलेल्याच राहिल्या. मी एवढंच म्हटलं, "ऐकू आलं होतं, उस्ताद. म्हणून तर 'अजून एकच' म्हणालात."