एक ब्रास उत्खनन

रीना दिवाळीपासून करडीला घरी आली नव्हती, आणि आता फाल्गुन सरत आला होता. पवनीच्या पुढे एका नाल्याकाठी खोदकाम चाललं होतं, तिथे ती कामाला होती. हजारो वर्षांपूर्वी त्या जागी माणसं शहामृगांची शिकार करत. अंड्यांच्या टरफलांचे तुकडे, दगडी पाती, घाव घातलेली हाडं निघत होती.

"उडत नव्हतं ते, माय. नुसतं धावायचं. आपल्याकडून कधीचंच संपलं," रीना फोनवर सांगायची.

"तुह्यासारखंच. घराकडे पाहाचं नाही, नुसतं धावाचं," सुलोचनाबाई म्हणायच्या.

शनिवारी खड्डा बुजवून सगळे कर्नाटकात जाणार, हे कळलं तसं त्यांनी विचारलं, "मी येऊ का पाहाले?"

"एकटीदुकटीले आत सोडत नाही. बचत गटाच्या बाया आण, सरकारी चिठ्ठी आण," रीना घाईत बोलून गेली.

सोमवारी अकरा बायकांच्या सह्या घेऊन सुलोचनाबाई तहसील कचेरीत गेल्या. एका टेबलावर 'उत्खनन परवाने' अशी पाटी दिसली. त्यांना हायसं वाटलं.

"मावशी, रेती का मुरूम?" टेबलामागच्या भुपेंद्र बाबूंनी विचारलं.

"शहामृग."

"हा शहामृग घाट कोनत्या गावात येते?"

"पवनीच्या पुढं."

बाबूंनी लिहून घेतलं. शुक्रवारी दुपारी कागद हातात पडला. पायरीवर बसून त्यांनी वाचला: मुरूम, एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट खणायची परवानगी. तेवढ्यात रीनाचा फोन आला.

"माय, खड्डा आजच बुजवला. तू उगाच दगदग करू नको."

सुलोचनाबाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मले खड्डा नव्हता पाहाचा, बेटा."

पलीकडे कुणीतरी घमेली आपटत होतं. रीना चालत लांब गेली, तसा तो आवाज मागे पडला.

"मंग चिठ्ठ्या कायले जमवत बसली, माय?"

"तूच तं म्हणाली."

"सकाळच्या पहिल्या एसटीनं निघ. बारा वाजता आमची गाडी आहे. पवनीच्या स्टँडवर थांबीन."

पहिली एसटी पवनीला अकराच्या आसपास पोचायची, म्हणजे तासभर मिळणार होता. फार तर सव्वा तास. घरी येताच त्यांनी रीनासाठी वडे करायला लाखोळीची डाळ भिजत घातली. वडे बांधायला कागद लागेल म्हणून तो एक ब्रासचा परवाना त्यांनी डब्याजवळ काढून ठेवला.