करडाच्या बाटलीवर अक्काचा कप

सुरुवातीलाच माफी मागतो. या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. एक तर मी मुलगा. दुसरं, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला नीट समजली आहे की नाही याची कायम धाकधूक असते. आणि तिसरं म्हणजे, ज्या वस्तूबद्दल लिहितो आहे ती मी करडाला चोखायला दिली होती. अक्काने परवानगी दिली म्हणून लिहितो. ("लिही, पर समदं लिही," असं ती म्हणाली. म्हणजे सुटका नाही.)

आमचं गाव चारठाण्याजवळ. घरी चाळीसेक शेळ्यामेंढ्या. दिवाळीच्या सुट्टीत मी परभणीहून आलो तेव्हा एक शेळी विताना मेली होती आणि तिचं करडू मागे राहिलं होतं. अशा करडाला आम्ही बाटलीला रबरी निपल लावून दूध पाजतो. निपल आधी उकळून घ्यायचं, हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कडक नियम. जुनं निपल फाटलं होतं. नवीन आणायला अण्णांनी मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा "हो" म्हणालो आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

रविवारी सकाळी अण्णा रानात गेले, माय कापूस वेचायला गेली आणि अक्का पळायला. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावीनंतर ती पोलीस भरतीच्या तयारीला लागली होती आणि येत्या गुरुवारी नांदेडला तिची मैदानी चाचणी होती. घरात मी आणि ओरडणारं करडू. अण्णा परत येतील आणि निपल मागतील या भीतीने मी स्वयंपाकघरात आलो, तर शेगडीवर छोट्या पातेल्यात, नुकत्याच उकळलेल्या पाण्यात, एक मऊ, पांढुरकी, घंटेसारखी वस्तू तरंगत होती. शेंड्याला बारीक दांडी.

मी बी.एस्सी.चा विद्यार्थी. निरीक्षणावरून निष्कर्ष काढला. मऊ आहे, चोखता येईल अशी दांडी आहे आणि उकळलेलं आहे. म्हणजे माझी अब्रू वाचवायला अक्कानेच निपल आणून ठेवलं. केवढं तिचं मन!

दांडीला भोक नव्हतं. मी दाभण तापवून आरपार पाडलं. तोंड बाटलीपेक्षा रुंद होतं. मी सुतळीने आवळलं. काठाखाली बारीक भोकं होती, त्यातून दूध गळत होतं. (कंपनीने हवा जायला ठेवली असतील, असा मी शास्त्रीय विचार केला. तो बरोबर होता, एवढंच या प्रकरणात बरोबर होतं.) करडू दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर प्यालं.

अक्का घामाघूम होऊन आली.

"पातेल्यातलं कुठं गेलं रे?"

"बसवलं की. पोटभर पिलं बी."

"कोन पिलं?"

"करडू."

अक्का उंबऱ्यातच बसली. करडू सुतळी चघळत तिच्याकडे बघत होतं.

"येड्या, ते निपल न्हाई," ती हळूच म्हणाली. "पाळीत वापरायचा कप हाय तो. पॅडच्या जागी आत घालतेत. भरला की रिकामा करून धुवायचा. आन् दर पाळीच्या आधी उकळायचा, म्हनून ठिवला होता."

जे बोलू नये तेच मी बोललो. "परत उकळू की. वीस मिनिटं."

"भोक पाडलंस ना बुडाला. काय राहील त्यात?"

मग तिने मागच्या वर्षीचं सांगितलं, जे घरात कोणाला माहीत नव्हतं. आठशे मीटरला शेवटच्या वळणावर पॅड सरकलं, ती थबकली आणि भरती दोन गुणांनी हुकली. या वेळी तारीख बुधवारी होती आणि चाचणी गुरुवारी. दोन महिने ती कपची सवय करत होती.

"मी आणतो," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या घाबरलेल्या आवाजात कोणी वचन दिलं नसेल.

जिंतूरला पहिल्या दोन मेडिकलमध्ये गर्दी कमी होईपर्यंत थांबलो. दोन्हीकडे मिळून खोकल्याच्या चार बाटल्या घेतल्या आणि बाहेर पडलो. तिसऱ्या दुकानात एक बाई होत्या. मी धीर केला.

"पाळीचा कप आहे का?"

"कुनाला पायजे?"

"मला." मग घाईने, "म्हणजे, मी घेऊन जाणार."

"साइज?"

मी अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "लहान. आन् बारीक बोल." बाईंनी हसू दाबलं, कप दिला आणि मी प्रॅक्टिकलची वही काढलेली बघून सावकाश सांगायला लागल्या. हात आधी धुवायचे. साबण बिनवासाचा, सौम्य. जंतुनाशक, तेल काही लावायचं नाही. पाण्यात पूर्ण बुडवून पाच-सात मिनिटं उकळायचा, बुडाला चिकटू द्यायचा नाही. कोरडा करून कापडी पिशवीत ठेवायचा, घट्ट झाकणाच्या डब्यात नाही. मी "बुडाला चिकटू नये" खाली दोन रेघा ओढल्या.

घरी येऊन शेगडीपुढे घड्याळ घेऊन बसलो. पाणी कमी झालं की घालत होतो, कप बुडाला टेकला की चमच्याने उचलत होतो. माय आली. अक्काने तिला सगळं सांगितलं होतं.

"अभ्यासाला असं कधी बसलास का रे?" ती म्हणाली. "आन् हे पातेलं आता येगळं ठिवा. परवा मी त्यात वरन लावनार व्हते."

पण खरा घोळ अंगणात होता. जिंतूरहून मी खरं रबरी निपल आणलं होतं, तर करडू त्याला तोंड लावेना. त्याला अक्काचंच पाहिजे. अण्णा खूश.

"पोराने लय झ्याक निपल आनलं," ते शेजारच्या किसनमामांना दाखवत होते. "हात लावून बघा. किती मऊ हाय."

किसनमामांनी हात लावून बघितलं. "मला बी दोन आन रे. कुठं भेटतंय?"

"संपलेत," मी म्हणालो.

"मंग कंपनीचं नाव सांग, बाजारात इचारतो."

अक्का घरात गेली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, हे मला संध्याकाळपर्यंत विचारता आलं नाही. किसनमामांना मी शेवटी सांगितलं की हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं आहे, विकत मिळत नाही.

बुधवारी अक्का नांदेडला निघाली. कप पिशवीत, पिशवी बॅगेत, आणि माझ्या वहीचं पान त्यावर घडी घालून. मी परभणीला परतलो. गुरुवारी सकाळपासून फोन हातात. मैदानात फोन नेता येत नाही, हे माहीत असून मी अकरा वेळा लावला. ज्या वळणावर ती मागच्या वर्षी थबकली होती ते वळण मी कधी पाहिलं नव्हतं, तरी सकाळभर तेच डोळ्यांपुढे होतं. रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी काहीतरी विचारलं आणि मी "पाच-सात मिनिटं" असं उत्तर दिलं.

दुपारी एक वाजता तिचा फोन आला.

"झालं. आठशेला पैकीच्या पैकी. लेखीला बसायचंय आता."

मी भिंतीला टेकलो. "आणि कप? गळला नाही ना? नीट बसला होता?"

"पिशवीतच हाय."

"म्हणजे?"

"पाळी आलीच न्हाई अजून. चार दिस तू जीव खाल्लास माझा, झोपू देईनास. तुझ्या धसक्याने तारीख पुढं गेली रे."

शिकून बहिणीच्या कामी यायचं, हे मी लहानपणापासून ठरवलं होतं. आलो.