मिटलेल्या शिंपल्याची फरशी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या मामेसासऱ्यांइतका काळजी करणारा माणूस झाला नाही. साप, विंचू आणि तपासणीला येणारे साहेब यांचं त्यांना काही वाटत नसे. काळजी होती ती शिंपल्यांची, आणि तीसुद्धा खाण्याच्या नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्यांची जातच संपली, जे दगड होऊन बसले, त्या शिंपल्यांची. आता जे संपलंच आहे त्याची काय काळजी करायची, असं कोणी विचारलं की मामा म्हणत, "संपल्यावरच जास्त जपावं लागतं."

ते शेणव्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. नव्वदच्या दशकात कधीतरी दगडांचे एक प्राध्यापक माळशेज घाट बघायला आले होते. मामांनी त्यांना गाठून विचारलं, आमच्या डोंगरात असे शिंपले मिळतील का. प्राध्यापक म्हणाले, "हा सगळा थंड झालेला लाव्हा. इथे समुद्रातलं काही मिळायचं नाही." मामांना हा अख्ख्या तालुक्याचा अपमान वाटला. दोन वर्षं ते हातोडी घेऊन कातळ फोडत हिंडले आणि स्वतःचीच बोटं फोडून घेतली. मग मुरबाडच्या एका देवळात राजस्थानातून आलेली पिवळी फरशी बसली. मामा दर्शनाला वाकले ते उठेनातच. गुरव पाणी घेऊन धावला. मामा फरशीतल्या शिंपल्याच्या बोटभर पांढऱ्या कमानीवर हात ठेवून बसले होते. "समुद्र ट्रकनं आला, जावईबापू," संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं.

पुढे पुढे तर ज्याने नवं घर बांधलं त्याने तीच पिवळी फरशी बसवली, आणि मामांच्या जिवाला घोर लागला. त्या दगडाला आंबट चालत नाही, तो झिजतो. एका वास्तुशांतीला लिंबू सरबत होतं. मामा पाहुण्यांमागून ओलं फडकं घेऊन फिरले, थेंब पडला की पुसायचे. यजमानीणबाईंना वाटलं, किती कामसू गृहस्थ. कोणी ॲसिडने फरशी धुतो असं कळलं की मामा तिथे जाऊन हात जोडत, आणि तो गृहस्थ आपलंच काही चुकलं असेल म्हणून उलट त्यांना हात जोडी. दहा वर्षांत त्यांनी शेकडो शिंपले पाहिले, पण सगळे अर्धे. "जीव गेला की जोडी उघडते, दोन शिंपा दोन दिशांना जातात," ते सांगत. "पुरी मिटलेली जोडी म्हणजे जिवंतपणीच गाळात गाडली गेलेली. ती एकदा बघायची आहे."

या वेडापायी त्यांच्या लेकीची, वंदनाची, दोन स्थळं मोडली. दुसऱ्या वेळी तर ते मुलाच्या आजीच्या कोचाखाली रांगत शिरले होते आणि म्हातारी कोचावर पाय घेऊन बसली होती. मुलीच्या बापाच्या अंगात येतं, अशी बोलवा झाली. तिसरं स्थळ वैशाखऱ्याचं. हा मुलगा वंदनाला मनापासून आवडला होता. घर बघायला निघताना ती मामांना एवढंच म्हणाली, "बाबा, आज फक्त पंख्याकडं बघा." मामींनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, तुमी त्यांना चिकटून बसा. काय बोलाय लागले का पाय दाबा. तुमच्याबिगर त्यांना कोन आवरनार नाय."

बैठकीची खोली पिवळीधमक होती. मामांनी मान वर केली ती वरच ठेवली. वीज गेली होती. बंद पंख्याकडे हे एकटक बघताहेत म्हटल्यावर मुलाचे वडील ओशाळले. "लाइट येल आता, मास्तर."

"छान आहे पंखा," मामा म्हणाले.

तेवढ्यात मुलाची आई चहा घेऊन आली. "फरशी बघू नका हां. तुमच्या पायापुढची एक डागाची निघालीय. लगनाच्या आत फोडून दुसरी बसवतोय."

आता सगळ्यांनीच खाली पाहिलं. मामांनी न पाहणं वाईट दिसलं असतं. तळहाताएवढी, काठाला काठ लागलेली, मिटलेली जोडी होती. मामा हातातल्या कपबशीसकट पुढे वाकले. मामींनी डोळे मिटले.

"देन्याघेन्याचं आमच्यात काय नाय," मुलाचे वडील म्हणाले. "उलट तुमचंच काय मागनं आसंल तर बोला मोकळेपनी."

"एक आहे," मामा म्हणाले.

मी त्यांच्या अंगठ्यावर टाच ठेवली आणि होता नव्हता तेवढा भार दिला.

मामा थांबले. कपबशी हळूच खाली ठेवली. "पोरीला उन्हाळ्यात कैरी लागते. तेवढं बघा."

सगळे हसले. साखर वाटली गेली. परतीच्या जीपमध्ये मामी पहिल्यांदाच सैल होऊन बसल्या. मामा मुरबाडपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

लग्न झालं. फरशी फोडली आणि तिचे तुकडे गोठ्यापुढच्या चिखलात टाकले. मामा लेकीकडे गेले की चहा घेऊन गोठ्यापाशी उकिडवे बसत. व्याह्यांना वाटलं, मास्तरांना म्हशींचा लळा आहे. ते कौतुकाने एकेका म्हशीची वेतं सांगत आणि निघताना खरवस बांधून देत. दोन वर्षांनी वंदनानेच एकदा खरं सांगून टाकलं. मी तिथेच होतो.

व्याही कपाळाला हात लावून बसले. "आवो मास्तर, येवढंच? दोन मानसं लावून अख्खी फरशी शेनव्याला पोचती केली आसती. मागायचं ना."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

"त्या वेळी सुचलंच नाय बघा," ते म्हणाले.

व्याह्यांनी ते खरं मानलं. मी खाली वाकून चपलेला न लागलेला चिखल पुसत राहिलो.