गोपीनाथरावांचं आडवं होणं

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गोपीनाथराव खांडवेकर इंदूरच्या राजवाड्यामागे राहतात. छत्तिसाव्या वर्षी त्यांच्या अल्सरचं ऑपरेशन झालं. सर्जननं पोटाची एक नस कापली आणि जठरातून आतड्यात जायला नवी वाट काढून दिली. अल्सर गेला तो गेलाच. पण नव्या वाटेनं अन्न फार घाईनं पुढे पळायचं. गोड खाल्लं की पंधराव्या मिनिटाला घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. अर्धा तास आडवं झालं की सगळं ठीक.

इंदूरमध्ये राहून गोड सोडणं काही त्यांना जमलं नाही. मग त्यांनी आडवं होणं अंगवळणी पाडलं. ऑफिसात फायलींच्या कपाटामागे त्यांची चटई असे. लग्नात ते आधी गादी कुठे आहे ते बघत, मग पंगतीला बसत.

मागच्या वर्षी शेजारच्या कृष्णरावांच्या तेराव्याला श्रीखंड होतं. पत्नी इंदुमतीबाई डोळे वटारत असताना गोपीनाथरावांनी दोन वाट्या संपवल्या. घाम फुटल्यावर ते बाहेरच्या खोलीत आले आणि कृष्णरावांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी, पांढरी चादर घातलेल्या गादीवर डोळे मिटून पडले.

तेवढ्यात बेटम्याहून एक पाहुणे आले. तेरावा की अंत्यदर्शन, हे त्यांना फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं, आणि कृष्णरावांना बघून तर वीस वर्षं झाली होती. त्यांनी पायांवर फुलं वाहिली, डोळे पुसले. पायांना गार लागलं तसे गोपीनाथराव इंदुरी हिंदीत म्हणाले, “भिया, जरा पानी देना.”

पाहुणे तिथेच कोसळले. आवाज ऐकून इंदुमतीबाई आल्या, तर गादीवर दोघं.

“यांचंपण ऑपरेशन झालंय का?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

पाणी शिंपडल्यावर पाहुणे उठले, जेवलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मात्र इंदुमतीबाईंनी नवऱ्याला डॉक्टर अनुश्रींकडे नेलं. त्या वयानं या ऑपरेशनपेक्षा लहान होत्या. पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, हे गोपीनाथराव वयावर ढकलत होते. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह आणि लोह, दोन्ही कमी. हेही त्या जुन्या ऑपरेशनचंच देणं, असं डॉक्टर म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली. थोडं थोडं सहा वेळा खायचं, जेवताना पाणी नाही, गोड बंद.

पथ्यातल्या पहिल्या दोन गोष्टी गोपीनाथरावांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर बरीच घासाघीस होऊन सणाला एक चमचा ठरला. मुंग्या कमी झाल्यात. चमचा इंदुमतीबाईंनी निवडलाय, लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो.