दुसऱ्याच कुणाची आत्या

"मी कधी गं पायाचं मशीन चालवलं?"

"आत्या, निबंधात तसं बरं दिसतं."

"आणि ही लग्नात कात्री घेऊन सासरी गेली? अगं, माझं लग्नच कुठं झालंय!"

"ते वाक्य काढते. झालं?"

शिवणाच्या दुकानात आत्याने निबंध पुन्हा डोळ्यांजवळ धरला. 'माझ्या ओळखीची कारागीर'. भाचीला तो उद्या शाळेत द्यायचा होता, आणि बाईंनी बजावलं होतं, दुसऱ्याचं लिखाण उचललेलं दिसलं की शून्य.

आत्या चिडली होती खरी, पण तिचं कुतूहल रागाच्या पुढे धावत होतं. "निबंधातली बाई छान आहे हं. कोण आहे ही?"

"असेल कुणीतरी. नेटवर होती. पण मी जशीच्या तशी नाही उतरवली. तिथे 'कष्टाळू' होतं, मी 'मेहनती' केलं."

"म्हणजे नुसती बटणं बदललीस!"

"तूपण कॉपी करतेसच की!"

"करते. ते बघ."

खुंटीवर कपडे बेतायचे, कापाचे कागद लटकत होते. कुणाच्या कपड्यावरून काप उतरवला, की त्याचं नाव कागदावर टाकायचं, ही आत्याची जुनी खोड. 'कॉलर: डॉक्टरीणबाईंचा कोट.' 'बाही: समोरचा शिंपी.' समोरच्या शिंप्याशी तिचा उभा दावा. त्याची सावलीही तिला खपत नसे. तरी गिऱ्हाइकाला ती सांगायचीच, "बाही त्या मेल्याची, बाकी सगळं माझं."

भाचीने कागद उलटसुलट केले. "निबंधात असं चालतं?"

"न चालायला काय झालं? ही बाई कुठं वाचलीस ते लिही, आणि मग माझं लिही."

"तुझं काय लिहू? तू तर रोजचीच!"

आत्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "सांग बघू, मी कात्री कुठल्या हातात धरते?"

भाची आधी उजवा म्हणाली, मग डावा.

"लहानपणापासून इथं चिंध्यांत लोळतेस तू! उद्या बाईंनी विचारलं, हे तूच लिहिलंस का, तर काय सांगशील?"

"तो तुला रोज समोरून बघतो, त्यालाच विचारते," म्हणत भाची उठली. निबंध चिंध्यांच्या टोपलीत टाकला, कोरा कागद आणि पेन घेतलं, आणि रस्ता ओलांडून थेट समोरच्या शिंप्याच्या पायऱ्या चढली.

आत्या काचेला नाक लावून बघत राहिली. मेला एवढा हसून हसून काय सांगतोय तिला?