पाहुण्यांसाठी जपलेल्या चादरी

मंडळी, हात तीनदा धुतले तरी वास जात नाहीये.

आज आवरायला म्हणून आमच्या चारकोपच्या घरातला बॉक्स बेड उघडला. पाहुण्यांसाठी जपलेल्या कोऱ्या चादरींत उंदरांनी घर केलं होतं. सगळीकडे लेंड्या आणि मुताचा वास. "अख्खं घर असंच असेल," म्हणत मी खाली बसले.

नवरा म्हणाला, "घराचं सोड गं. आज फक्त हा बेड."

सासूबाई म्हणाल्या, "धुवून वापरता येतील."

"नाही आई, टाकायच्या," म्हणत मी नाकाला ओढणी बांधली आणि बेड रिकामा केला. उद्या माळा काढायचाय.

उंदरांपेक्षा किळस आमचीच येतेय. इतकी वर्षं आम्ही विटक्या चादरींवर झोपलो.

तुमच्याकडे कोणासाठी काय जपलंय?