नाव कुठं पळून चाललंय

सारिका, जवळ ये गं. चर्चमध्ये पाहुणी आली की तू दारातच तिला नाव-गाव विचारतेस का?

तुझ्या हातातल्या शेवंतीच्या वासानं मला नांदेडच्या चर्चमधला माझा पहिला रविवार आठवला. सासरी न सांगता आले होते. कळलं असतं तर घराचं दार बंद झालं असतं. पास्टर म्हणाले, "नव्या पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगावं." मी पदर मुठीत आवळून तशीच बसून राहिले. शेजारची म्हातारीच उठली, "पाहुणी माझी हाय. आधी जेवू द्या, नाव कुठं पळून चाललंय?" सगळे हसले. तिनं शेवंती माझ्या ओंजळीत ठेवली.

प्रार्थनेनंतर चर्चमध्येच सगळ्यांसोबत जेवलो, तरी तिनं नाव विचारलं न्हाई. तेव्हा वाटलं, विसरली. आज कळतंय, तिनं माझे हात पाहिले होते.

तुझे डोळेबी मला दिसतायत, रडून सुजलेत गं. लवकर माझ्या घरी जेवायला ये. विचारणार न्हाई, नुसतं वाढते.